स्वकष्टार्जित

९ जानेवारी २००७, मंगळवार

दुपारी कोर्टाचा माणूस कागद देऊन गेला. वर मनोजचं नाव, त्याखाली माझं. 'गैरअर्जदार क्रमांक दोन : केसरीनाथ नामा तरे, वय ६७, सेवानिवृत्त शिक्षक, रा. दापोडे.' छत्तीस वर्षं हजेरीपटावर दुसऱ्यांची नावं लिहिली. स्वतःचं नाव असं कधी वाचलं नव्हतं.

अर्ज तुळजाने केला आहे, माझ्या सुनेने. मनोज दिवाळीनंतर घर सोडून टेमघरला फ्लॅटवर राहायला गेला. त्याच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातली एक बाई तिथे त्याच्यासोबत राहते. त्याला सोडचिठ्ठी हवी आहे, तुळजा देत नाही. डिसेंबरात तो आला आणि ओटीवर उभ्याउभ्या तिला म्हणाला, "तू जा तुझ्या भावाकडं. मला माझ्या घरात परत यायचंय." ती गेली नाही. बायकांसाठी नवीन कायदा आला आहे, त्याखाली तिने अर्ज केला, की नवऱ्याने आणि सासरच्यांनी मला राहत्या घरातून बाहेर काढू नये.

संध्याकाळी चहा ठेवताना ती म्हणाली, "अण्णा, तुमचं नाव घालावं लागलं. घर तुमच्या नावावर हाय म्हनून. राग धरू नका."

"राग कसला," मी म्हटलं. पण राग आला होता.

पार्वती दिवसभर सुनेशी बोलली नाही. माझ्याशीही फारशी नाही.

१३ जानेवारी, शनिवार

मनोज गाडी घेऊन आला आणि मला भिवंडीला वकिलांकडे घेऊन गेला. वकील तरुण आहेत. मला 'गुरुजी' म्हणाले, खुर्ची पुसून दिली. घरपट्टीच्या पावत्या बघून खूश झाले. "घर तुमच्या एकट्याच्या नावावर. उत्तम." मग त्यांनी समजावून सांगितलं. मागच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आहे. सुनेला राहण्याचा हक्क नवऱ्याच्या घरात मागता येतो, किंवा नवऱ्याचा वाटा असेल अशा एकत्र कुटुंबाच्या घरात. सासऱ्याने स्वतःच्या कमाईतून बांधलेल्या घरात मागता येत नाही.

"घर स्वकष्टार्जित ना, गुरुजी?"

मी सांगू लागलो, की नव्वद साली बाबांचं गावालगतचं भाताचं खाचर गोदामवाल्याला विकलं, आणि त्यातून—

मनोज मध्येच म्हणाला, "फंडातून, साहेब. अण्णांनी फंडातून लोन काढलेलं. काढलेलं ना, अण्णा?"

ते खोटं नाही. दारं-खिडक्यांसाठी मी भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढलं होतं. तसं म्हटल्यावर वकिलांनी तेवढंच लिहून घेतलं.

परत येताना मनोज म्हणाला, "कागदोपत्री हो फक्त. तिला काय रस्त्यावर थोडी काढतोय आपण?" ऐकून बरं वाटलं. त्याच्या मनात वाईट नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

बऱ्याच दिवसांनी वही उघडतो आहे. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. लिहायची परवानगी आजपासून.

दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आहेत. पार्वतीचा हात थरथरतो, म्हणून तुळजा घालते. खुर्चीत मान मागे टाकून बसायचं. ती एका बोटाने खालची पापणी ओढते, "हलू नका, अण्णा," म्हणते, आणि थेंब बरोबर मधोमध पडतो. हॉस्पिटलातही तीच होती, तिन्ही दिवस. मनोज दहा मिनिटं येऊन गेला. त्याचे तीन ट्रक माल भरून उभे होते. धंदा म्हटला की वेळ कुठला.

काल कोर्टाने तात्पुरता हुकूम दिला. निकाल लागेपर्यंत तुळजाला घरातून काढायचं नाही. पार्वती म्हणाली, "म्हंजी आता आपल्याच घरात आपून पावने." मला स्वतःला त्या हुकुमाचं वाईट वाटलं नाही. उलट मनावरचा भार थोडा कमी झाला, कारण आता काही ठरवणं माझ्या हातात राहिलं नाही.

तरी तिच्याकडून थेंब घालून घेताना अवघडल्यासारखं होतं. सकाळचा थेंब स्वतः घालून पाहिला. गालावर पडला.

१९ फेब्रुवारी, सोमवार

पार्वतीने स्वयंपाक वेगळा केला. गॅस आमच्याकडे ठेवला, तुळजाला रॉकेलचा स्टो दिला. तांदळाचं पिंप आमच्या खोलीत आणून ठेवलं. मी मध्ये पडलो नाही. बायकांच्या कारभारात मी चव्वेचाळीस वर्षं पडलेलो नाही, म्हणूनच या घरात कधी मोठं भांडण झालं नाही.

संध्याकाळी उन्नती मराठी व्याकरणाचं पुस्तक घेऊन माझ्याकडे बसली. माझी नात यंदा दहावीला आहे. समास तिला छान येतात. मध्येच म्हणाली, "आजोबा, आम्ही दुपारी पाव खाल्ला. भात नव्हता." तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही, म्हणून मीही पुढे काही विचारलं नाही. द्वंद्व समासाची दहा उदाहरणं सोडवून घेतली.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

मनोज प्रतिज्ञापत्राची घाई करतो आहे. आज मी त्याला स्पष्ट सांगितलं, "उन्नतीची परीक्षा संपेपर्यंत मी कशावरही सही करणार नाही." तो फोनवर म्हणाला, "ठीक हाय. परीक्षेनंतर."

माझं अजून कोणीतरी ऐकतं. दिवसभर बरं वाटत होतं.

२९ मार्च, गुरुवार

परीक्षा संपली. मनोज आज सकाळीच वकिलांचा कागद घेऊन हजर.

पार्वती दारात उभी होती. म्हणाली, "माजा पोर भायेर जेवतो आन् मी इथं बसून गिळतंय. पाच म्हयने झाले. तुमची एक सही हाय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मनोजने वर बघितलं नाही. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले आहेत, हे मला आत्ता, डोळा स्वच्छ झाल्यावर दिसलं. म्हातारपणी आमच्याकडे बघणारा तोच आहे.

कागद वाचला. 'सदर घर हे माझे स्वकष्टार्जीत असून त्यात माझ्या मुलाचा कोणताही हिस्सा नाही. अर्जदार हिने माझ्या घरात राहावे अशी माझी इच्छा नाही.' 'स्वकष्टार्जीत' मध्ये जी दीर्घ टाइप केली होती. 'जि' ऱ्हस्व हवी. मी पेनाने दुरुस्त केलं, बाजूला छोटी सही केली, मग खाली मोठी सही केली.

मनोज म्हणाला, "मास्तर तो मास्तरच." तिघं हसलो. पाच महिन्यांनी या घरात तिघं एकदम हसलो असू.

१७ एप्रिल, मंगळवार

वज्रेश्वरीची जत्रा. तुळजाचं माहेर तिथलंच. तिचा भाऊ काळूराम बहिणीला आणि भाचीला न्यायला आला होता. देवळाच्या वाटेवर त्याचं ओटीच्या सामानाचं छोटं दुकान आहे. तुळजाची आई आजारी आहे, डोळे मुलीच्या वाटेकडे लागलेत, असं तो म्हणाला.

मी तुळजाला मनापासून म्हटलं, "जाऊन ये. दोन दिवस राहा. एवढं काय त्यात." पार्वतीही म्हणाली, "जा की." आवाज गोड होता.

तुळजा म्हणाली, "न्हाय, अण्णा. माझ्या वकील मॅडमनी सांगितलंय, काय पण होवो, घरातून एक रात्रसुद्धा भायेर ऱ्हायचं न्हाय."

"अगं, आम्ही काय परके आहोत?"

तिने उन्नतीला मामाबरोबर पाठवलं आणि स्वतः राहिली. मला राग आला. जन्मदात्या आईपेक्षा कोर्ट मोठं झालं.

दुपारी मनोज दोन कारागीर आणि एक नवीन कुलूप घेऊन आला. चांगलं पितळी, मोठं. तुळजा ओटीवर तांदूळ निवडत बसलेली बघून थोडा घोटाळला, पाणी प्यायला आणि निघून गेला. कुलूप गोदामासाठी घेतलं असेल.

२८ जून, गुरुवार

उन्नतीला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळाले. मराठीत पंच्याऐंशी. मी पेढे आणले, शेजारी दिले. मनोजला फोन केला. "शाबास म्हणून सांगा," म्हणाला. तिला फोन देतो म्हटलं, तेवढ्यात त्याच्याकडे दुसरा फोन आला.

भिवंडीत अकरावीला नाव घालायचं ठरलं. दापोड्याहून रिक्षाने वीस मिनिटं.

१७ जुलै, मंगळवार

माझ्या प्रतिज्ञापत्राची नक्कल तुळजाला मिळाली. जेवणं झाल्यावर ती कागद घेऊन ओटीवर आली. समोर बसली नाही, खांबाशी उभी राहिली.

"अण्णा, हे तुम्ही लिहिलंय?"

"वकिलांनी लिहिलंय."

"सही?"

"सही माझी आहे."

तिने कागदावर बोट ठेवून एक-एक शब्द वाचला. मग म्हणाली, "मी लग्न होऊन आले तवा हे खाचर विकलेलं. नामाआजोबांचं खाचर. घर बांधायला काढलं तवा मला सातवा म्हयना होता. स्लॅब टाकला आन् आई तापानं पडलेल्या. एकवीस दिस मी वर चढून पानी मारलं. तुम्ही खालून ओरडायचात, जपून चढ, बाबांचं घर हाय, बाबांच्या पनतवंडाला घेऊन पडशील."

मला आठवत होतं. मी म्हटलं, "कायद्याची भाषा वेगळी असते, तुळजा."

"आसंल. माझ्या वकीलबाई बोलल्या, सासरे रोज वही लिहितात तर त्यांची त्या सालची वही कोर्टात मागवू. मी नको बोलले. मी सांगितलं, वही कशाला पायजे? अण्णा स्वतः हुबे ऱ्हातील ना कोर्टात. त्यांना समोर विचारा. ते खोटं बोलायचे न्हाईत."

एवढं बोलून ती आत गेली. मला तिचा इतका राग का आला, ते मला अजून कळलेलं नाही.

१८ जुलै, बुधवार

सकाळी ट्रंक उघडली. एकोणीसशे सहासष्टपासूनच्या वह्या आहेत. एक्क्याण्णवची निळ्या पुठ्ठ्याची निघाली. १२ मेचं पान :

'स्लॅब आज पुरा झाला. बाबांचं खाचर गेलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, पण त्याच पैशांचं आज घर उभं राहिलं. हे बाबांचंच घर. माझ्या पगारात पायरीसुद्धा झाली नसती. सूनबाई पोटुशी असून कामाला हटत नाही. देवाने मला मुलगी दिली नाही ती अशी दिली.'

माझंच अक्षर. तेव्हा किती टपोरं होतं.

पान तीन-चारदा वाचलं. मग मनोजला फोन करून सांगितलं, की अशी एक वही आहे.

२० जुलै, शुक्रवार

मनोज येऊन वही घेऊन गेला. "माझ्याकडं सेफ राहील, अण्णा." मी म्हटलं, "सांभाळून ठेव. एक्केचाळीस वर्षांत एक वही हरवलेली नाही." तो "हो, हो" म्हणाला.

ट्रंकेत नव्वद आणि ब्याण्णव यांच्यामध्ये फट दिसते, म्हणून मी वह्या थोड्या सरकवून ठेवल्या.

२२ ऑगस्ट, बुधवार

आज माझी साक्ष झाली.

शपथ घेतली. तुळजाच्या वकीलबाई फार ओरडून बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, घर कोणत्या पैशांतून बांधलं? मी म्हणालो, माझ्या भविष्य निर्वाह निधीच्या कर्जातून. किती कर्ज होतं? आठवत नाही. वडिलोपार्जित जमीन विकली होती का? विकली होती, तो पैसा बहिणींच्या लग्नात गेला. (बहिणींची लग्नं त्याच्या वीस वर्षं आधी झाली. हे कोणी विचारलं नाही.) तुम्ही रोज दैनंदिनी लिहिता का? लिहितो. एक्क्याण्णव सालची आहे का?

मी म्हणालो, "त्या वर्षी लिहिली नाही."

तुळजा भिंतीकडेच्या बाकावर बसली होती. मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल. तिने फक्त हात वर करून वकीलबाईंना थांबा असं केलं. जसं एखाद्याला लागतंय हे बघून दुसऱ्याला थांबवावं, तसं. वकीलबाई म्हणाल्या, "नो फर्दर क्वेश्चन्स."

मनोज कोर्टातूनच टेमघरला गेला. बाहेर कडक ऊन पडलं होतं, दापोड्याला जाणारी एकच रिक्षा होती. तुळजा तिच्याजवळ उभी होती. मला बघून बाजूला झाली. "बसा, अण्णा. मी मागून येते." मी बसलो. रिक्षावाला म्हणाला, "दोनों का एकही गाँव है तो दोनों बैठो ना." मी बाजूला सरकलो नाही. तीही पुढे आली नाही. रिक्षा निघाली.

२३ ऑगस्ट, गुरुवार

ताप आहे. लिहिण्यासारखं काही नाही.

३ ऑक्टोबर, बुधवार

निकाल लागला. घर गैरअर्जदार क्रमांक दोन यांचं स्वकष्टार्जित असल्याचं दिसून येतं, सबब अर्जदारास तेथे राहण्याचा हक्क नाही. तात्पुरता हुकूम रद्द. मनोजने तिला दुसरीकडे राहायला भाडं द्यावं. वकील म्हणाले, "गुरुजी, तुमच्या साक्षीवर केस जिंकली." त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला.

तीस दिवसांत तुळजा ठाण्याला वरच्या कोर्टात अपील करू शकते. "पण कशावर करणार?" असं वकील म्हणाले.

७ ऑक्टोबर, रविवार

काळूराम टेम्पो घेऊन आला. एक कपाट, गाद्या, स्टो, उन्नतीची पुस्तकं. सतरा वर्षांचा संसार अर्ध्या टेम्पोत मावला. मनोजला मी काल विचारलं होतं, की तिला काढणार नाही म्हणाला होतास. तो म्हणाला, "मी कुठं काढतोय? कोर्टानं काढलं."

तुळजाने खोली झाडली, केर भरून बाहेर टाकला. पार्वतीच्या पाया पडली. पार्वती एकदम मोठ्याने रडायला लागली, मलाच समजेना. माझ्यासमोर येऊन तुळजा थांबली, वाकली नाही, आणि टेम्पोकडे गेली.

उन्नती मागे राहिली होती. दप्तर पाठीला लावलेलं.

"आजोबा, स्वकष्टार्जित हा कोणता समास?"

मी म्हणालो, "तृतीया तत्पुरुष. स्वकष्टाने अर्जित." तोंडातून आपोआप निघालं. छत्तीस वर्षांची सवय.

तिने मान हलवली, वर्गात उत्तर बरोबर आलं की हलवायची तशी, आणि निघून गेली.

१५ ऑक्टोबर, सोमवार

मनोज गेल्या आठवड्यात घरी राहायला आला. ती बाईही आली. वाईट नाही, हळू बोलते, मला 'अंकल' म्हणते. पार्वतीने पहिल्या दिवशी वडे, खीर सगळं केलं. मनोजने दोन घास जास्त खाल्ले ते तिने मला तीनदा सांगितलं. आज ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "घरात मानसं हायत, पन घर सुनं लागतंय. आसं का वो?"

मी पेपर वाचत होतो.

मनोजने तुळजाला भाडं दिलेलं नाही. विचारलं तर म्हणाला, "भावाकडं राहते ना, भाडं कसलं?"

२४ ऑक्टोबर, बुधवार

घरी भिवंडीला जातो असं सांगून वज्रेश्वरीची एसटी पकडली.

काळूरामच्या दोन खोल्यांत त्याची बायको, दोन मुलं, आजारी आई. तुळजा आणि उन्नती दुकानामागच्या कोठीत राहतात. नारळाची पोती एका बाजूला रचून दोघींपुरती जागा केली आहे. उन्नती रोज पहाटेच्या बसने भिवंडीला कॉलेजात जाते. ती नव्हती, हे बरंच झालं.

तुळजा दुकानात खणा-नारळाच्या ओट्या बांधत होती. मला बघून उठली, पाणी दिलं. मी पाणी हातात धरून बसलो आणि सगळं बोललो. वही होती, ती मनोजला दिली, कोर्टात खोटं सांगितलं. घर बाबांचं आहे.

"मना ठाव हाय, अण्णा," ती म्हणाली. "मना सांगून काय उपेग? तिकडं सांगा."

"सांगतो. तू अपील कर."

"वकीलबाई बोलल्या, तुमचा लिवलेला कागद आसंल तर अपिलाला अर्थ हाय. नायतर न्हाय. दोन तारखेपत्तूर मुदत हाय." मग हात थांबवून तिने माझ्याकडे नीट बघितलं. "लिहून द्याल?"

"दोन दिवसांत देतो."

आतून काळूरामच्या बायकोने भांडं आपटल्याचा आवाज आला. तुळजा खालच्या आवाजात म्हणाली, "हे बी दुसऱ्याचंच घर हाय, अण्णा. पोरीला अभ्यासाला दिवा लावला तरी बोलनं पडतं. मना तिकडं मान नको, कोन बोलाया नको. आमची एक खोली पायजे."

परत येताना बसमध्ये हलकं वाटत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

२८ ऑक्टोबर, रविवार

दोन दिवसांचे चार झाले.

शुक्रवारी वकिलांना भेटलो. सरळ विचारलं नाही, एका मित्राची गोष्ट म्हणून विचारलं. ते हसले. "मित्राला सांगा, शपथेवर खोटं बोललो असं स्वतः लिहून देणं म्हणजे तुरुंगाचं दार स्वतः उघडणं. या वयात कशाला?" संध्याकाळपर्यंत मनोजला कळलेलं होतं. तो ओरडला नाही. पार्वतीच्या देखत म्हणाला, "आई, अण्णा जेलात गेले तर पेन्शन बंद. मग बघ तू." पेन्शन अशी बंद होते का, मला माहीत नाही. तो गेल्यावर पार्वतीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता कुटं पोर घरात जेवाया बसतंय. अजून काय आयुक्श ऱ्हायलंय आपलं?"

तुरुंगाला मी भितो का? भितो. पण आज नीट विचार केला तर दिसलं, की त्याहून जास्त भीती दुसरीच आहे. गावात माझे विद्यार्थी आहेत. सरपंच माझा विद्यार्थी, बँकेतला कॅशियर माझा विद्यार्थी. रस्त्यात भेटले की वाकतात. ते वाकायचे थांबतील. एवढ्यासाठी मी एका मुलीला नारळाच्या पोत्यांत ठेवलं आहे.

हे वहीत लिहिता येतं. कागदावर लिहिता येत नाही.

३१ ऑक्टोबर, बुधवार

'मी, केसरीनाथ नामा तरे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की,' इथपर्यंत सहा वेळा लिहिलं.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मुदतीचा शेवटचा दिवस.

सकाळी आंघोळ करून बसलो आणि एका दमात लिहिलं. खाचर, घर, वही, साक्ष, सगळं. सही केली, तारीख घातली. घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. दुपारी जेवून निघायचं असं ठरवलं. जेवलो आणि जरा पडलो.

तीन वाजले असतील. ओटीवरून आवाज आला, "आजी, आजोबा आहेत?"

उन्नती. कॉलेजातून सरळ आली असणार.

पार्वती म्हणाली, "आत ये की गं, बाय."

"नको. आजोबा आईला कागद देणार होते. मामा नाक्यावर मोटारसायकल घेऊन उभा आहे. पाचच्या आत ठाण्याला पोचलो तर अपील आजच लागेल, असं वकीलबाई म्हणाल्या."

पार्वती आत आली. मी डोळे मिटून घेतले. ती पलंगापाशी उभी राहिली. चव्वेचाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या बाईला नवरा झोपला आहे की नाही, हे कळत नसेल असं मला वाटत नाही. ती बाहेर गेली.

"निजलेत गं."

"उठवा ना, आजी."

ती पुन्हा आली. या वेळी हाक मारली, अगदी हळू. "अवो." मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. खिशातला कागद अंगाखाली आला आणि करकरला. मला वाटलं तो आवाज ओटीपर्यंत गेला.

"उठत न्हाईत," पार्वती बाहेर म्हणाली.

रस्त्यावर ट्रक मागे घेत होते, क्लीनर "आने दो, आने दो" ओरडत होता. मग उन्नती म्हणाली, "बरं. मी थांबते थोडा वेळ."

ती ओटीवर बसली. पार्वतीने पाणी नेलं. उठायचं, चार पावलं टाकायची आणि खिशात हात घालायचा, एवढंच होतं. मी भिंतीकडे बघत पडून राहिलो. आता उठू, असं प्रत्येक ट्रकला म्हणत होतो. नाक्यावरून मोटारसायकलचा हॉर्न एकदा वाजला. काही वेळाने पुन्हा वाजला, लांबलचक. ती तरी बसलेली होती. एकदा तिने हाक मारली, "आजोबा," जोरात नाही, दाराच्या बाहेरूनच.

तिसऱ्या हॉर्नला तिच्या चपला वाजल्या.

पार्वती आत आली. पलंगाच्या कडेला बसली आणि माझ्या पाठीकडे बघून म्हणाली, "गेली ती. उठा आता."

मी उठलो.